जुन्या गाडीचे टायर आणि खरा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, फियाट डिलाइट, अँबॅसडर, बीटल अशा गाड्या ज्यांच्याकडे आजही चालत्या आहेत, त्यांच्याकडून टायर बदलल्यावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० आणि पद्मिनीची आहेत, कारण महाराष्ट्रात जपलेल्या जुन्या गाड्यांमध्ये त्या खूप दिसतात आणि त्यांच्या टायरचा गोंधळही तितकाच मोठा आहे. हिशोब मात्र कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडतो.

माझ्या पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ लिहिलंय. याचा अर्थ काय?

५.२० ही टायरची रुंदी, इंचात. १४ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचातच. मधली आडवी रेघ सांगते की हा जुन्या पद्धतीचा, आडव्यातिडव्या दोऱ्यांचा टायर आहे. आपल्याकडे टायरवाले त्याला ‘नायलॉन’ म्हणतात. रेडियल, म्हणजे सरळ आडव्या दोऱ्यांचा नव्या पद्धतीचा टायर असता, तर रेघेच्या जागी आर आला असता.

या आकड्यात एक गोष्ट मुळीच लिहिलेली नसते, ती म्हणजे टायरची उंची. त्या काळी उंची रुंदीच्या जवळपास बरोबरीची धरलेली असे, थोडी कमी. त्या हिशोबाने ५.२०-१४ चा एकूण व्यास साधारण ६१० मिमी येतो. कंपनीगणिक त्यात काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून ६१० हा सुरुवातीचा आकडा समजा.

अँबॅसडरचा जुना आकडा ५.९०-१५, बीटलचा ५.६०-१५. वाचायची रीत तीच.

आणि १५५/८० आर १४?

हा नवा आकडा, आणि इथे तीन वेगवेगळी मापं एका ओळीत बसवली आहेत. १५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिमी. १४ मात्र इंचातच राहिले.

व्यास काढायचा तर १२४ ची दुप्पट २४८, त्यात रिमचे ३५५.६ मिमी मिळवा. उत्तर ६०३.६. म्हणजे जुन्या ५.२०-१४ पेक्षा जेमतेम एक टक्का कमी. जुन्या रेडियल टायरवर कधीकधी नुसतं ‘१५५ एसआर १४’ असतं, मधला टक्का नसतोच. तिथे ८० च्या आसपास धरून चाला. एस ही वेगाची खूण, ताशी १८० किमीपर्यंतची.

पद्मिनीला कुठला रेडियल बसवावा?

माझं मत स्पष्ट आहे: रिम मूळ १४ इंचीच ठेवा आणि १५५/८० आर १४ मिळत असेल तर तोच घ्या. उंची जवळजवळ मूळ टायरएवढी, रुंदी मूळ रिमला झेपेल अशी, आणि स्टिअरिंग हाताला फार जड होत नाही.

१६५/८० आर १४ चा व्यास ६२० मिमीच्या आसपास, म्हणजे दीड टक्क्याने जास्त. चालतो, पण पुढचं चाक पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहूनच पैसे द्या. १४५/८० आर १४ चा व्यास ५८८ मिमी, साडेतीन टक्क्यांनी कमी.

टायर मिळत नाहीत म्हणून बरेच जण १३ इंची रिम घालून १७५/७० बसवतात. त्याचा व्यास ५७५ मिमी येतो, मूळपेक्षा जवळजवळ सहा टक्के कमी. गाडी खाली बसते, इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं आणि वेगाचं मीटर जास्त दाखवतं. अडचण समजते, पण ज्या गाडीला मुळात ४० अश्वशक्तीच्या आसपासचं १०८९ सीसीचं इंजिन आहे, तिला हायवेवर आणखी जोरात फिरायला लावणं मला पटत नाही.

टायर बदलल्यावर मीटर किती चुकेल, हे घरबसल्या कसं काढायचं?

मीटरचा काटा × नव्या टायरचा व्यास ÷ मूळ टायरचा व्यास. एवढंच.

काटा ८० वर आहे आणि टायर ५७५ मिमीचे आहेत, तर ८० × ५७५ ÷ ६१०, म्हणजे खरा वेग साधारण ७५. तेच टायर ६२० चे असतील तर खरा वेग ८१.

टायर लहान झाला की मीटर वाढवून सांगतं आणि तुम्ही समजता त्यापेक्षा हळू जाता. मोठा झाला की मीटर कमी सांगतं. धोका दुसऱ्या प्रकारात आहे. पोलिसांचा वेग मोजणारा कॅमेरा रस्त्यावरचा खरा वेग पाहतो, तुमच्या डॅशबोर्डवर काय दिसत होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ब्रेकचंही तसंच.

मात्र मूळ मीटर नव्या गाडीत अचूक होतं असं हे गणित गृहीत धरतं. पन्नास वर्षांच्या मीटरबद्दल असं गृहीत धरता येत नाही, म्हणून पुढचा प्रश्न या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

मीटर चुकतंय हे कळलं. पण चूक टायरची की मीटरची, हे कसं ओळखायचं?

आधी किलोमीटरचे आकडे तपासा, काटा नंतर.

एकाच डब्यात दोन वेगळी यंत्रं बसलेली असतात. किलोमीटर मोजणारे आकडे थेट गिअरच्या दातांनी फिरतात. गिअरबॉक्समधून आलेली केबल अमुक इतके फेरे फिरली की आकडा एकने पुढे सरकतो. तिथे स्प्रिंग नाही, चुंबक नाही, वयाने काही ढिलं पडायची सोय नाही. म्हणून किलोमीटर चुकत असतील तर कारण जवळजवळ नेहमी टायरमध्ये, डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या आसातल्या गिअरच्या, गुणोत्तरात, किंवा दुसऱ्याच गाडीचं मीटर बसवलेलं असण्यात सापडतं.

काट्याची गोष्ट वेगळी. केबलच्या टोकाला एक चुंबक फिरतो. त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न टेकणारी. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. दोन्ही ओढींचा मेळ बसेल तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या. इतकं साधं आणि इतकं देखणं यंत्र गाडीत दुसरं क्वचितच असेल. पण चुंबक वयाने मंदावतो, स्प्रिंग थकते, आणि कोणीतरी कधीतरी काटा उपटून अंदाजाने परत खोचलेला असतो.

तेव्हा पद्धत अशी. मोजलेल्या १० किमी अंतरावर गाडी चालवा. मीटरने १०.४ दाखवले तर टायर आणि गिअर मिळून ४ टक्के जास्त मोजताहेत. आता मोबाइलच्या जीपीएसवर खरा वेग स्थिर ६० धरा आणि काटा बघा. काटा ६६ वर असेल, तर त्यातला ६२.४ पर्यंतचा भाग टायरचा आणि उरलेले साडेतीन-एक किमी मीटरच्या स्वतःच्या दुखण्याचे. टायर बदलून ते कधीच जाणार नाहीत. उलट किलोमीटर बरोबर १० आले आणि काटा तरीही ६६ म्हणतोय, तर टायरवाल्याकडे जाऊच नका, मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे जा.

हे वेगळं न करता लोक टायर बदलत राहतात. फुकटचा खर्च आहे तो.

मोजलेले १० किमी आणायचे कुठून?

रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गावर हिरव्या. दोन लागोपाठच्या दगडांवर विसंबू नका. रस्ता रुंद करताना, वळण सरळ करताना दगड हलवले जातात, आणि काही ठिकाणी जुनी आणि नवी अशा दोन्ही मालिका उभ्या असतात. दहा किमी घेतले तर एखाद्या दगडाची चूक बुजून जाते. तुमच्या मीटरला दशांशाचा आकडा नसेल तर २० किमी घ्या आणि आकडा बदलण्याचा क्षण पकडा.

जीपीएसने नोंदवलेलं अंतरही चालतं, फक्त मोकळ्या आकाशाखाली.

मीटर पूर्ण बंद आहे. वेगाचा अंदाज कसा घ्यायचा?

घड्याळ आणि दगड. एक किलोमीटरला किती सेकंद लागले ते मोजा आणि ३६०० ला त्या आकड्याने भागा.

९० सेकंद म्हणजे ताशी ४० किमी. ७२ सेकंद म्हणजे ५०. बरोबर एक मिनिट म्हणजे ६०. ४५ सेकंद म्हणजे ८०. हे चार आकडे पाठ असले की गाडीत कागद लागत नाही. घड्याळ शेजारी बसलेल्याने धरायचं, चालवणाऱ्याने नाही. बटण दाबायला अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तरी ६० च्या वेगाला चूक एक टक्क्याच्या आतच राहते. मुख्य अट वेग स्थिर ठेवण्याची, म्हणून घाटात हा प्रयोग नको. पुणे-सोलापूर रस्त्यासारखा सरळ पट्टा आणि सकाळची वेळ निवडा.

विजेच्या खांबांवरून अंदाज करू नका, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं नसतं. इंजिनाच्या आवाजावरूनही नको. जुन्या गाडीत खिडकी उघडी असली, सायलेन्सर बदलला, एवढंच काय रस्त्याचं डांबर बदललं तरी तोच वेग वेगळा ऐकू येतो.

इंजिनाच्या फेऱ्यांवरून वेग काढता येतो का?

येतो, आणि ज्यांनी नंतर आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारं मीटर, बसवलं आहे त्यांनी जरूर काढावा. तीन आकडे हवेत: इंजिनाचे फेरे, डिफरन्शिअलचं गुणोत्तर आणि एका फेरीत चाक किती पुढे जातं ते अंतर. चौथा गिअर थेट असेल, म्हणजे एकास एक, तर गिअरबॉक्सचा हिशोब गळून पडतो.

समजा गुणोत्तर ४.३ आहे आणि चाक एका फेरीत १.८४ मीटर जातं. इंजिन मिनिटाला १००० फेरे फिरलं की चाक सुमारे २३३ फेरे फिरतं. ते झाले मिनिटाला ४२८ मीटर, म्हणजे ताशी २५.७ किमी. हा एक आकडा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: हजाराला पावणेसव्वीस. ताशी ६० ला इंजिन २३४० च्या आसपास असायला हवं.

गुणोत्तर ठाऊक नसेल तर स्वतः मोजा. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड द्या. आता उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा) किती फेरे फिरला ते मोजा. तेच गुणोत्तर. दोन फेरे का? दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, त्यामुळे डिफरन्शिअल मोकळ्या चाकाला दुप्पट फिरवतो. हे विसरून एकच फेरा मोजला की उत्तर निम्मं येतं. अनेकांचा हिशोब इथेच फसतो. आकडा अचूक हवा असेल तर चाक २० फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे दहाने भागा.

चाक एका फेरीत किती पुढे जातं, हे व्यासाला ३.१४ ने गुणून काढू का?

नको. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर कमी भरतं. रेडियलसाठी व्यासाला साधारण ३.०५ ने गुणलं की जवळचं उत्तर मिळतं. ६०३.६ × ३.०५, म्हणजे १८४१ मिमी. वरचे १.८४ मीटर तिथूनच आले.

नायलॉन टायरचा दबण्याचा आणि वेगाला फुगण्याचा स्वभाव वेगळा, म्हणून नायलॉन आणि रेडियल यांची नुसत्या व्यासावरून केलेली तुलना अंदाजच राहते. खात्रीची रीत खडूची आहे. सपाट जागी गाडी उभी करा, हवा नेहमीइतकी भरा, चालवणारा आत बसवा. टायरच्या तळाशी आणि बरोबर खाली जमिनीवर खूण करा. गाडी सरळ ढकला, चाकाचे पाच फेरे होऊ द्या, पुन्हा जमिनीवर खूण करा. टेपने अंतर मोजा आणि पाचाने भागा. मागच्या चाकावर मोजा, पुढच्या नाही.

मागच्याच चाकावर का? माझे पुढचे टायर वेगळे आहेत.

पद्मिनी आणि अँबॅसडरमध्ये मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाकडून निघते आणि तो शाफ्ट मागची चाकं फिरवतो. पुढचे टायर काहीही असले तरी मीटरला कळत नाही.

बीटल हा अपवाद. तिची केबल पुढच्या डाव्या चाकाच्या मधोमध घुसलेली असते आणि चाकाच्या टोपणालाच अडकवलेली असते. म्हणजे बीटलचं मीटर फक्त पुढच्या डाव्या टायरवर चालतं. स्टेपनी त्या चाकाला लावली आणि ती वेगळ्या मापाची असली, तर मीटर लगेच बदलतं. ते टोपण काढताना केबलच्या टोकाची बारीक पिन हरवली की मीटर बंद. पंक्चरवाल्याला आधी सांगून ठेवा.

झिजलेल्या टायरने आणि कमी हवेने किती फरक पडतो?

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, आणि १.६ मिमी उरली की टायर बदलायला हवा. म्हणजे आयुष्यभरात व्यास सुमारे १३ मिमीने घटतो. ६१० वर हे दोन टक्के झाले. १५५/८० आणि ५.२० यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त! तेव्हा एका टक्क्याच्या फरकावरून टायरची कंपनी बदलत बसू नये.

हवेचा परिणाम रेडियलमध्ये थोडा असतो, कारण आतला पट्टा घेर धरून ठेवतो. नायलॉनमध्ये तो जास्त जाणवतो.

दोन नायलॉन आणि दोन रेडियल चालतील का?

एकाच आसावर कधीही नाही. नाइलाजच असेल तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे. उलट केलं तर पुढची पकड चांगली आणि मागची कमी, अशा गाडीचा मागचा भाग पावसात वळणावर सुटतो. माझा आग्रह चारही एकसारखे आणि पाचवी स्टेपनीही तीच. मीटरचा हिशोब राहू द्या, हा जिवाचा प्रश्न आहे.

जुन्या रिमवर ट्यूबलेस?

ट्यूब घालाच. जुन्या रिमच्या आतल्या कडेला टायर धरून ठेवणारा उंचवटा नसतो. ट्यूब रेडियलला चालणारी मागून घ्या. आणि टायर घेताना बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या मापाचे टायर गोदामात वर्षानुवर्षं पडून असतात. नक्षी कोरी करकरीत दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं.

काटा थरथरतो, किंवा खड्ड्यानंतर उडी मारतो.

केबल. आतली तार कुठेतरी मुरगळली आहे, कोरडी पडली आहे किंवा बाहेरचं आवरण फार तीव्र वळणाने बसवलं आहे. तार बाहेर काढून स्वच्छ सपाट जागेवर दोन बोटांत फिरवा. एका जागी उडत असेल तर ती वाकली आहे, बदला. ग्रीस पातळ हात फिरवल्यासारखं, आणि मीटरकडच्या टोकाला अजिबात नको. जास्त ग्रीस तारेबरोबर वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि वाटीला चिकटतं. मग काटा वर जाऊन तिथेच राहतो.

दुसऱ्या गाडीचं मीटर मिळालंय. बसवू का?

डायलवर बारीक अक्षरात एक आकडा असतो, तो आधी वाचा. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मैलाच्या मीटरवर तो एका मैलात केबलचे किती फेरे हे सांगतो. व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या मीटरवर डब्ल्यूपुढचा आकडा असतो, एका मीटर अंतरात केबल किती फिरते तो. तुमच्या गाडीचा आकडा असा काढा: केबल मीटरकडून सोडवा, टोकाला पुठ्ठ्याचा छोटा बाण अडकवा, गाडी बरोबर २० मीटर ढकला, बाणाचे फेरे मोजा आणि पन्नासने गुणा. ते झाले एका किलोमीटरचे फेरे. मैलाच्या मीटरशी ताडायचे तर ते १.६०९ ने गुणा, डब्ल्यूच्या आकड्याशी ताडायचे तर हजाराने भागा. मीटरवरच्या आकड्याशी एक-दोन टक्क्यांत जुळत असेल तर बसवा.

३० ऑक्टोबर २०२३ ला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेल्या आणि त्यांचे बरेच सुटे भाग बाजारात फिरतात. त्यातलं वेगाचं मीटर गाडीला नेमकं जुळेल, पण चुंबक आणि स्प्रिंगची तपासणी वर सांगितल्याप्रमाणे करूनच.

माझं मीटर मैलात आहे.

१ मैल म्हणजे १.६०९ किमी. मनातल्या मनात करायचं तर आकड्यात त्याचा निम्मा आणि वर दहावा भाग मिळवा. ४० मैल: ४० आणि २० आणि ४, म्हणजे ६४ किमी. काचेवर ३०, ४०, ५० मैलांच्या जागी बारीक खुणा करून घेतल्या तरी पुरे. डायल रंगवून किलोमीटरचा करू नका, मूळ अक्षरं पुन्हा मिळत नाहीत.

जीपीएसच खरं मानायचं ना?

सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाला, हो. वेग बदलत असताना तो एक-दोन सेकंद मागे राहतो. एक्स्प्रेसवेवर भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात त्याला उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा तिथला आकडा धरू नका. चढाचा फरक मात्र नगण्य आहे.

नव्या गाडीशी तुलना करून जुनीचं मीटर ठरवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवायला खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी एवढी मोकळीक आहे. खऱ्या ६० ला ७० दाखवणारी गाडीही त्या नियमात बसते. मित्राची नवी गाडी शेजारून ७० म्हणते आणि तुमची पद्मिनी ६२ म्हणते, तर बरोबर पद्मिनीच असू शकते.

अॅव्हरेज अचानक वाढलंय. टायरमुळे?

बहुतेक तसंच. मीटर ४ टक्के जास्त मोजत असेल, तर ५०० किमी दिसले तेव्हा गाडी ४८१ च चाललेली असते. ४० लिटर पेट्रोलला १२.५ चा आनंद होतो, खरं अॅव्हरेज १२. सर्व्हिसिंगचे किलोमीटरही याच मापाने धरा.

रॅलीत सरासरी वेग सांभाळायचा असतो. मीटर दुरुस्त केल्याशिवाय जमेल?

जमेल. वेळ-वेग-अंतराच्या रॅलीत सुरुवातीला बहुधा एक मोजलेला टप्पा दिलेला असतो. तिथे आयोजकांचे १० आणि तुमचे १०.४ आले, तर पुढचं प्रत्येक अंतर १.०४ ने गुणून आपल्या मीटरच्या भाषेत लिहून घ्या. वेगासाठी काट्याकडे न पाहता घड्याळ पाहा: सरासरी ४० सांगितली असेल तर दर खऱ्या किलोमीटरला दीड मिनिट, म्हणजे तुमच्या मीटरवरच्या दर १.०४ किमीला. त्या दिवशी सकाळी हवा भरा आणि ओझं तपासणीच्या वेळी होतं तेवढंच ठेवा.